ताटात शेत दिसले पाहिजे

काटई-कर्जत राज्यमार्गावर अंबरनाथ मागे टाकून बदलापूर, वांगणीकडे निघाले की दोन्ही बाजूंना बागेतली हॉटेले लागतात. दिव्यांच्या माळा, बांबूच्या झोपड्या, हिरवळीवर मांडलेली टेबले, प्रवेशद्वाराशी रंगवलेली बैलगाडी आणि मुलांसाठी झोके असा सगळा थाट असतो. शनिवार-रविवारी तिथे येणारी माणसे बहुतेक अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यासारख्या दाट वस्त्यांतली, उल्हासनगरच्या कॅम्पांतली, बदलापुरात नव्याने राहायला आलेली. आठवडाभर लोकलच्या गर्दीत काढणाऱ्या कुटुंबाला दोन तास झाडाखाली बसावेसे वाटते, यात काहीही गैर नाही. प्रश्न आहे तो त्या झाडाखाली येणाऱ्या ताटाचा. पनीर टिक्का, हाक्का नूडल्स, बटर नान, व्हेज कोल्हापुरी: स्टेशनाबाहेरच्या कोणत्याही वातानुकूलित हॉटेलात जे मिळते तेच इथेही मिळते. तांदूळ बासमती, म्हणजे उत्तरेतून आलेला, आणि भाजी घाऊक बाजारातली. कुंपणापलीकडे ज्या मातीत भात पिकतो, तिथले एक पानही कुंपणाच्या आत येत नाही. माझे मत असे की, शेतजमिनीवर बाग करून उपाहारगृह चालवायचे असेल तर ताटाचा ठरावीक वाटा त्या परिसरातल्या शेतांतून आला पाहिजे, आणि सरकारने परवानग्या व सवलती या अटीशी बांधल्या पाहिजेत.

ही अट हौसेची नाही, जमिनीच्या हिशेबातून येते. भाताच्या खाचराचे लॉन झाले की ते बाहेरून हिरवेच दिसते, पण त्याचे काम बदलते. खाचराला बांध असतो, तो पावसाचे पाणी अडवतो आणि मुरवतो. लॉन करताना मुरुमाचा भराव टाकून जमीन उचलली जाते, वाहनतळासाठी फरशी बसते, आणि तेच पाणी शेजाऱ्याच्या वावरात किंवा नदीत ढकलले जाते. उल्हास नदी काय करू शकते हे या पट्ट्याने २७ जुलै २०१९ रोजी पाहिले. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटी आणून बाहेर काढावे लागले. त्या पुराला हॉटेले कारणीभूत होती असे मी म्हणत नाही. पण नदीकाठचा प्रत्येक भराव पुढच्या पुराची पातळी थोडी वाढवतो, हे समजायला अभियंता असावे लागत नाही. उन्हाळ्यात गोष्ट उलटी होते. तापमान चाळिशी ओलांडत असताना लॉनला रोज पाणी लागते. बारवी धरण बदलापूरच्या उशाशी आहे, त्याचे पाणी ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना आणि कारखान्यांना जाते, त्याची उंची वाढवताना गावे आणि पाडे पाण्याखाली गेले. ज्या परिसराने पाण्यासाठी इतके सोसले, तिथे पाणी गवतावर शिंपायचे की पिकावर, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

बरे, ताटात घालायला इथे काही नाही असेही नाही. पहिल्या सरी पडल्या की रानात शेवळे उगवतात, जांभळट तपकिरी कोंब, जमिनीतून सरळ वर आलेले. ठाकूर आणि कातकरी बाया पहाटे डोंगर चढून ती खुडतात, जुड्या बांधतात आणि स्टेशनाबाहेर फडक्यावर मांडून बसतात. शेजारी काकडांचा वाटा असतो, हिरवी, आंबट, बोराएवढी फळे. जाणकार गिऱ्हाईक दोन्ही एकदमच घेते, कारण शेवळात घसा खाजवणारा गुण असतो आणि तो काकडांच्या आंबटपणाने मोडतो. वरचे आवरण सोलायचे, बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून चांगले परतायचे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत त्यात खिमा किंवा कोलंबी पडते, पाड्यावर ती नुसत्या मिरची-मिठावर होते. हा मोसम जेमतेम काही आठवड्यांचा. त्यामागून टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली येतात. भात निघाला की त्याच ओलीवर वाल पेरला जातो आणि थंडीत पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, हवे तर अंडी नाहीतर कोंबडी, वरून पुन्हा पाला, आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ. मे-जूनमध्ये जांभूळ. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी इथल्या मेन्यूकार्डावर ते शोधावे लागते. याशिवाय आगरी घरांतले मसाले, सुकट, तांदळाची भाकरी हे बारमाही आहेच. आणि तांदूळ? कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र वर्षानुवर्षे भाताच्या नव्या जाती काढते आहे, त्या जातींना ‘कर्जत’ हेच नाव आहे. त्याच कर्जतच्या वाटेवरच्या हॉटेलात तो भात मिळू नये, याचे मला खरोखर वाईट वाटते.

हे कुणी करून दाखवले आहे का, असे विचारणाऱ्यांनी फार लांब जायची गरज नाही. बदलापूरच्या पुढे दोन स्थानके ओलांडली की नेरळ येते. तिथल्या मालेगावात चंद्रशेखर भडसावळे यांनी, अमेरिकेत शिकून परत आल्यावर, १९८०च्या दशकात सगुणा बाग उभी केली. कृषी पर्यटन हा शब्द तेव्हा सरकारी कागदावरही नव्हता. पाहुणा तिथे येतो तो शेतात येतो. मत्स्यतळी, गोठा, भातशेती, झाडी हे सगळे पाहुण्यांसाठी मांडलेले नाही, तो शेतीचाच कारभार आहे, आणि जेवण त्या कारभाराचा एक भाग आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे याच शेतातून भातलागवडीची सगुणा पद्धत पुढे आली. तिच्यात नांगरणी, चिखलणी आणि लावणी नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकायचा आणि तो निघाला की त्याच वाफ्यांवर वालासारखे दुसरे पीक घ्यायचे. कोकणात लावणीला मजूर मिळत नाहीत म्हणून शेती सोडणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशाने शेतीला प्रयोग करण्याची उसंत मिळते, असा अर्थ मी यातून काढतो. माझ्या म्हणण्याचा खरा आधार हाच आहे. जेवायला घालणारी बाग आणि पिकवणारे शेत एकाच हातात असतील, किंवा निदान एकमेकांना बांधलेले असतील, तर दोन्ही टिकतात.

गावाचा देखावा आणि गावाची शेती यांतला फरक इथे सांगायला हवा. अहमदाबादेत १९७८ साली ‘विशाला’ सुरू झाले, सारवलेल्या अंगणात, कंदिलाच्या उजेडात, पानावर जेवण. पुढे जयपूरला ‘चोखी ढाणी’ आले. ‘विशाला’ने जुन्या भांड्यांचे संग्रहालय उभारले, हे मोलाचे काम झाले. त्या प्रयोगांचे श्रेय नाकारायचे नाही; गुजराती आणि राजस्थानी जेवण तिथे अभिमानाने वाढले गेले. आपल्याकडे मात्र नक्कल झाली ती बैलगाडीची आणि कंदिलाची, जेवणाची नव्हे. इटलीने हा धोका वेळीच ओळखला होता. १९८५ साली तिथे शेतावरच्या पाहुणचारासाठी कायदा झाला आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट आल्या: शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे आणि पाहुण्याला वाढले जाणारे अन्न प्रामुख्याने शेतावरचे असले पाहिजे. प्रत्यक्ष प्रमाण ठरवण्याचे काम तिथल्या प्रांतांकडे गेले. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्थाही पात्र आहेत. पाऊल चांगले आहे. पण रस्त्याकडेची बागेतली हॉटेले या चौकटीबाहेर राहतात, साधी हॉटेले म्हणूनच चालतात. त्यांनाही आत ओढायचे असेल तर इटलीसारखी ताटाची अट घालावी आणि ती पाळणाऱ्याला मालमत्ता करात, वीजदरात, रस्त्यावरच्या सरकारी फलकांत काही द्यावे.

यावर हॉटेलचालकांचे पहिले उत्तर ठरलेले असते: गिऱ्हाईकाला पनीरच लागते. मला हे अर्धेच खरे वाटते. गिऱ्हाईक मागते ते बरेचदा त्याला दाखवलेल्यातलेच असते. हुरड्याकडे पाहा. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजून, तळहातावर चोळून, दाण्याच्या चटणीबरोबर खायची, हा शेतकऱ्याच्या घरचा कार्यक्रम होता. आज पुणे, सोलापूर, संभाजीनगरच्या आसपासच्या शेतांवर शहरातली कुटुंबे त्यासाठी पैसे मोजून जातात, आधी नोंदणी करून जातात. कुणीही तिथे नूडल्स मागत नाही. हुरड्याला जे जमले ते पोपटीला का जमू नये? शिवाय पनीर काढून टाका असे माझे म्हणणे नाही. घरातले एक लहान मूल नूडल्सच खाणार, हे गृहीत धरावे. मागणी इतकीच की भात, भाकरी, एक कडधान्य, एक पालेभाजी आणि मोसमातले फळ एवढे तरी परिसरातले असावे आणि त्याची पाटी दाराशी लागावी.

दुसरा आक्षेप पुरवठ्याचा, आणि तो अधिक वजनदार आहे. छोटा शेतकरी रोज ठरल्या वजनाची भाजी देऊ शकत नाही, पावसाने ओढ दिली तर अजिबात नाही. पण म्हणूनच पाचपंचवीस शेतकऱ्यांच्या गटाशी किंवा महिला बचत गटाशी मोसमापुरता करार करावा लागतो. भाकरी आणि मसाल्यासाठी तर बचत गटाइतके चोख कुणी नसते, आणि अन्नसुरक्षा कायद्यात छोट्या व्यावसायिकांसाठी नोंदणीची सोपी वाट आहेच. रानभाजीबाबत मात्र मी स्वतःच सावध आहे. शेवळाची मागणी एकदम वाढली तर कंदासकट उपटले जाईल आणि पुढच्या वर्षी डोंगर रिकामा दिसेल. ज्या बाया आज स्वतः विकतात त्यांच्याकडून कवडीमोलाने घेऊन ताटावर चौपट भावाने विकले, तर तो अन्यायच. म्हणून खरेदी त्यांच्याकडून थेट, रोख आणि त्यांनी सांगितलेल्या भावाने व्हावी, कंद जमिनीत राहावा, आणि मोसम संपला की पदार्थ यादीतून जावा. एवढे पाळता येत नसेल त्या हॉटेलाने रानभाज्यांच्या वाटेला जाऊ नये, वाल आणि भात पुरेसे आहेत.

सर्वांत अवघड आक्षेप जमिनीच्या भावाचा. बिल्डर गुंठ्याला जो भाव देतो तो भाताच्या किंवा भाकरीच्या ताटातून कधीच निघणार नाही, हे मान्य केले पाहिजे. स्टेशनालगतची जमीन शेती म्हणून राहणार नाही, ती लढाई संपली आहे. पण बदलापूरच्या बाहेर, वांगणी-शेलूपर्यंत आणि बारवीच्या बाजूला अजून अशी घरे आहेत ज्यांना जमीन विकायची नाही. त्यांना ती तोट्यातही कसायची नाही. त्यांच्यासमोर आज दोनच वाटा दिसतात: फार्महाऊसवाल्याला देणे किंवा लॉन करून लग्नसराईला भाड्याने लावणे. दोन्हींत शेती थांबते. ताटाशी जोडलेली शेती ही तिसरी वाट आहे. ती करोडपती करणार नाही, पण भाताला बाजारभावापेक्षा बरा दर, घरातल्या दोन माणसांना काम आणि नावावर राहिलेली जमीन एवढे देऊ शकते. हे सगळ्यांना पुरेल असा दावा मी करत नाही. काही गावांना पुरले तरी नदीकाठचा तेवढा पट्टा उघडा राहील.

उरतो तो खिशाचा मुद्दा. बुवापाड्यातले कुटुंब आज बागेत जे बिल भरते त्यात जागेचे पैसेच जास्त असतात, कारण मोकळी जागा शहरात उरली नाही. नगरपालिकांनी आरक्षित भूखंडांवर बागा केल्या असत्या तर सावलीसाठी जेवण विकत घ्यावे लागले नसते. ती मागणी वेगळी आणि तितकीच रास्त आहे. पण जे पैसे जातातच, ते परिसरातल्या शेतकऱ्यापर्यंत पोचावेत अशी अपेक्षा करण्याचा त्या कुटुंबाला अधिकार आहे. भाकरी, वालाचे बिरडे, एक पालेभाजी आणि साधा भात हे ताट पनीरच्या दोन पदार्थांपेक्षा महाग पडायचे कारण नाही. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांनी, तहसील कार्यालयाने आणि पर्यटन संचालनालयाने एकत्र बसून या रस्त्यावरच्या हॉटेलांसाठी ताटाची अट लिहून काढावी. तोवर गिऱ्हाइकांनी टेबलावर बसताच वाढप्याला एवढे जरूर विचारावे: आजचा भात कुठल्या गावचा आहे?