डवऱ्याला दोरी बांधा



कर्जमुक्तीचं स्वप्न साऱ्यांचंच आहे. पण बोअरमागून बोअर घेतले तर ते कर्जातच बुडतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं १९८९ नंतर वेगळी वाट धरली. श्रमदान, डोंगरउतारावर चर, चराईबंदी. शेतीसाठी बोअर नाही. आधी पाऊस मोजायचा, मग पीक ठरवायचं. पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबं गावी परतली.

आपण यंदा एवढं करू: पेरणी उताराला आडवी आणि शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून कपाशीच्या ओळींत सरी. याला सावकार लागत नाही. दोरी आणि बैलजोडी पुरते. रानातलं पाणी रानात मुरलं तर उघडीप पडली तरी पीक तग धरेल.

भावाची लढाई चालूच राहील. पण लढणाऱ्याच्या घरात दाणा हवा.