विश्लेषण : गांधीजींचे वाक्य फॉरवर्ड करताय? आधी मूळ लिंक शोधा

सेवाग्रामच्या बापू कुटीचा फोटो, त्यावर दोन ओळींचे वाक्य आणि खाली ‘महात्मा गांधी’. २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा पोस्ट हमखास येतात. वाक्य छान असते. ते गांधीजींचेच आहे का, हे मात्र क्वचितच कुणी तपासते.

कोणती वाक्ये त्यांची नाहीत?

‘जगात जो बदल हवा, तो आधी स्वतः व्हा’ हे वाक्य या शब्दांत त्यांच्या लेखनात सापडत नाही. माणूस बदलला की जगाचे त्याच्याशी वागणेही बदलते, अशा आशयाचे त्यांनी १९१३ मध्ये लिहिले होते. पुढे त्याचे घोषवाक्य झाले. ‘आधी दुर्लक्ष करतील, मग हसतील...’ या वाक्याशी मिळतेजुळते बोल तर अमेरिकी कामगार चळवळीतील निकोलस क्लाइन यांच्या १९१८ च्या भाषणात आहेत.

लेखनावर हक्क कुणाचा?

१९१० मध्ये ‘हिंद स्वराज’च्या इंग्रजी आवृत्तीवर गांधीजींनी हक्क राखून ठेवलेले नाहीत, असे छापले होते. पुढे त्यांच्या लेखनाचे हक्क अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टकडे होते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. त्यामुळे १ जानेवारी २००९ पासून हे लेखन सर्वांसाठी खुले झाले. याच जिल्ह्यातील पवनारच्या विनोबा भावे यांचे निधन १९८२ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला २०४२ अखेरपर्यंत संरक्षण आहे. समीक्षा किंवा बातमीसाठी छोटा उतारा श्रेय देऊन वापरता येतो. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकणे त्यात बसत नाही.

कॉपी, स्क्रीनशॉट की लिंक?

कॉपी-पेस्ट करताना आधी गळते ते लेखकाचे नाव आणि संदर्भ. स्क्रीनशॉटमधील चूक मूळ ठिकाणी दुरुस्त झाली तरी फोनमध्ये तशीच राहते. लिंक उघडणाऱ्याला मात्र दुरुस्त मजकूर दिसतो, पुढचा-मागचा परिच्छेदही वाचता येतो. लिंक कालांतराने बंद पडू शकते, म्हणून सोबत खंड, पान आणि तारीखही द्यावी. गांधीजींच्या बाबतीत हे अवघड नाही. त्यांच्या संकलित लेखनाचे इंग्रजीतील १०० खंड गांधी हेरिटेज पोर्टलवर मोफत आहेत.

एवढा खटाटोप कशाला?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटपर्यंत फॉरवर्डची मर्यादा आणली. २०२० मध्ये वारंवार फिरणाऱ्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आली. त्यामुळे मेसेजचा वेग कमी होतो, खरेखोटे मात्र ठरत नाही.

चुकीच्या सुविचाराने कुणाचा जीव जात नाही, हे मान्य. पण न तपासता पुढे ढकलण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे. ती मोडायची तर सुरुवात वर्ध्यातून व्हावी. शाळेच्या फलकावर, भाषणात किंवा स्टेटसला गांधीजींचे वाक्य लावताना खाली खंड आणि पान लिहावे. ते सापडले नाही, तर गांधीजींचे नाव काढून टाकावे.