कूस कोण बदलणार?

‘परिचारिका म्हणजे देवदूत!’ व्यासपीठावरून हे उद्गार आले की आम्हां परिचारिकांच्या पोटात गोळाच येतो. एवढ्या स्तुतीनंतर मदतीला दुसरी परिचारिका मागायची कोणत्या तोंडाने?

साधा हिशेब मांडू या. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कूस साधारणतः दर २ तासांनी बदलावी लागते. एरवी पाठीला, टाचांना जखमा होतात. एकाला ५ मिनिटे धरली, तरी अशा २४ जणांना पुरे २ तास लागतात. रात्रपाळीची एकटी परिचारिका शेवटच्या खाटेपाशी पोहोचते, तोच पहिल्या खाटेची वेळ पुन्हा भरलेली असते. मग औषधे, ओली चादर, पाण्याचा घोट कोणत्या तासात बसवावा? (आणि देवदूतांनाही कंबर असते, बरे!)

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार वृद्धांच्या निवाऱ्याची तरतूद केली. परिचारिका किती असाव्यात, ते मात्र सांगितले नाही. तेव्हा प्रश्न आश्रम चालविणाऱ्यांच्या व देणगीदारांच्या दारी येतो. पंख्यावर, फरशीवर, कोनशिलेवर नाव कोरता येते. पगारावर येत नाही, म्हणून त्यासाठी हात आखडतो. येत्या अंदाजपत्रकात रात्रपाळीच्या दुसऱ्या परिचारिकेचा पगार आधी लिहा, पंखे मागाहून.