शांततेची विद्या कोणाच्या मुलांनीं शिकावी?

देशांतल्या देशांत लढाई पेटली म्हणजे तिची आंच आधीं कोणास लागते? राजधानींतल्या मुत्सद्द्यास नव्हे. उभें पीक टाकून पळणाऱ्या कुणब्यास आणि माग व भाता मागें ठेवून निघणाऱ्या कारागिरास ती आधीं लागते. नेपाळांत १९९६ पासून २००६ पर्यंत यादवी चालली व निदान १३,००० माणसें मेलीं. कोलंबिया देशांत फार्क नांवाच्या बंडखोरांचें बंड १९६४ पासून चाललें होतें. २०१६ सालीं तह झाला, तेव्हां त्याचें पहिलें कलम शेतजमीन व खेड्यांची सुधारणा यांविषयींच घालावें लागलें. लढाईचें मूळ कोठें होतें, हें शहाण्यास सांगणें नको.

मग अशा लढाया कां पेटतात व कशा शमतात, हें शोधण्याचें काम कोणाच्या मुलांनीं करावें? ज्यांच्या घरीं दाण्याची चिंता नाहीं, तेवढ्यांनींच काय?

हा शोध म्हणजे कांहीं मंत्रतंत्र नव्हे. तो एक जमाखर्चच आहे. स्वीडन देशांतील उप्साला विद्यापीठ जगांतील लढायांची खतावणी ठेवतें. सरकार व बंडखोर यांच्या झगड्यांत वर्षाला २५ माणसें लढून मेलीं कीं तो झगडा तींत चढतो. १,००० मेलीं तर त्यास युद्ध म्हणतात. परंतु लढाईपायीं पेरणी बुडून जे मागाहून उपासानें वा रोगानें मेले, ते या आंकड्यांत येत नाहींत.

खतावणीचे रकाने कोण आंखतो, यावर उत्तर फिरतें. २००३ सालीं फिअरन व लेटिन या अमेरिकन पंडितांनीं लिहिलें कीं, यादवी कोठें होईल हें जमातींच्या गाऱ्हाण्यांवरून कळत नाहीं. गरिबी, दुबळें सरकार व डोंगराळ मुलूख यांवरून कळतें. पुढें २०१० सालीं सीडरमान, विमर व मिन यांनीं नवा रकाना आंखला: कोणत्या जमातीस राज्यकारभारांत वांटा आहे, व कोणती दाराबाहेर ठेवली आहे? तेव्हां दिसून आलें कीं, दाराबाहेर ठेवलेल्या जमाती बंडास अधिक उठतात. आम्ही विचारतों, दाराबाहेर उभ्या असलेल्याच्या मुलास हा रकाना सुचण्यास किती वेळ लागला असता?

अमेरिकेंत नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या पैशानें कॉलेजांतील मुलांचे उन्हाळी शोधवर्ग भरत आले आहेत. टेक्सास प्रांतांत डेंटन येथील नॉर्थ टेक्सास विद्यापीठानें यादवी आवरण्याच्या व शांततेच्या शास्त्राचा असाच वर्ग चालविला. अशा वर्गांत पदवीही न मिळालेलीं दहाएक मुलेंमुली गुरुजनांच्या हाताखालीं एकेक प्रश्न घेतात, आंकडे तपासतात व आपलें उत्तर लिहून सर्वांपुढें मांडतात. यांतील खरें मर्म असें कीं, त्यांस विद्यावेतन मिळतें. गरिबाच्या पोरास सुटी म्हणजे मजुरीचा हंगाम; ती मजुरी भरून दिल्यावांचून तो शिकावयास येणार कसा? परंतु ही सोय तेथील नागरिकांस व कायमच्या रहिवाशांस आहे. आमच्या मुलांनीं तिकडे डोळे लावून उपयोग नाहीं.

सोय येथेंच झाली पाहिजे. गडचिरोलीच्या रानांत गोंड व माडिया खेडीं कित्येक वर्षें नक्षलवाद्यांची बंदूक व सरकारची बंदूक यांच्या कात्रींत सांपडलीं. त्याच गडचिरोलींत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. उन्हाळ्यांत तेथील मुलें तेंदूपानें तोडून घरास चार पैसे आणतात. तेवढे पैसे विद्यावेतन म्हणून द्यावे आणि त्यांच्या हातीं वही द्यावी. कोण मेलें, कोण गांव सोडून गेलें, कोणाचें शेत पडीक राहिलें, हें त्यांस आपल्याच भाषेंत आपल्या माणसांना विचारूं द्यावें.

कोणी म्हणतील, पोटाला भाकर नाहीं त्यानें लढायांचे आंकडे कशास घोकावे? त्यांस आमचें उत्तर असें: सावकाराची वही वाचतां येत नव्हती म्हणून आपल्या वाडवडिलांचीं शेतें गेलीं. लढाईची वहीही दुसऱ्याच्याच हातीं राहिली, तर मेला कोण आणि कां मेला, हेंही दुसराच ठरवील. म्हणून आईबापांनीं मुलास, तसेंच मुलीसही, ही विद्या शिकूं द्यावी, आणि सरकारनें तिचा खर्च सोसावा, इतकेंच आमचें मागणें आहे.