ससाणा सापडला, तुळई हरवली



सॅन फ्रान्सिस्कोला पाहुणा आला की आम्ही त्याला गोल्डन गेट पूल दाखवतो, वाऱ्यात कुडकुडवतो आणि परत आणतो. या खेपेला सांगलीहून आमचा धाकटा भाऊ आला होता. त्याला मात्र आम्ही स्टॉक्टन बोगद्याच्या वरच्या अंगाला, बरिट स्ट्रीट नावाच्या बोळात नेलं. तिथे भिंतीवर एक पाटी आहे : सॅम स्पेडच्या भागीदाराचा खून इथे झाला. माणूस कादंबरीतला, खूनही कादंबरीतला, पाटी तेवढी खरी! वर ती खुनी कोण तेसुद्धा सांगून टाकते. तेव्हा 'द माल्टीज फाल्कन' वाचली नसेल तर पाटीकडे पाठ करून उभे राहा. आम्हीही इथे नाव फोडणार नाही.

लेखक डॅशिएल हॅमेट. पूर्वी पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता, त्यामुळे पाळत कशी ठेवतात हे अनुभवाने ठाऊक. ही कथा आधी 'ब्लॅक मास्क' मासिकात सप्टेंबर १९२९ ते जानेवारी १९३० अशी पाच भागांत आली. १९३० सालीच क्नॉफने तिचं पुस्तक काढलं. रत्नजडित सोन्याचा, वरून काळा रंग फासलेला एक ससाणा आणि त्याच्यामागे लागलेली लबाड मंडळी, असा सगळा मामला.

वॉर्नर ब्रदर्सने दहा वर्षांत यावर तीन सिनेमे काढले. पहिला १९३१ चा, रिकार्डो कॉर्टेझचा. पुढे १९३४ पासून हॉलिवूडची सेन्सॉरची नियमावली कडक झाली आणि तो पुन्हा थिएटरात आणायला परवानगी मिळेना. मग १९३६ साली 'सेटन मेट अ लेडी' या नावाने तीच गोष्ट विनोदी करून काढली. ससाण्याच्या जागी आलं रणशिंग! बेटी डेव्हिस असूनही ते काही वाजलं नाही.

तिसरा १९४१ चा. जॉन ह्यूस्टनचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच. जॉर्ज राफ्टने नाकारलेली भूमिका हम्फ्री बोगार्टकडे आली. सिडनी ग्रीनस्ट्रीट तर साठी उलटल्यावर प्रथम पडद्यावर आला. ह्यूस्टनने पुस्तकातले संवाद बरेचसे जसेच्या तसे ठेवले. आम्हा इंजिनिअर लोकांना हे फार पटतं. ड्रॉइंग चांगलं असेल तर साइटवर अक्कल पाजळू नये! ऑस्करची तीन नामांकनं मिळाली, बक्षीस एकही नाही. मात्र त्यातल्या शिशाच्या ससाण्याला २०१३ च्या लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर किंमत आली.

एवढ्या इमानदार ह्यूस्टननेही एक हकीकत मात्र गाळली. टकोमा गावी फ्लिटक्राफ्ट नावाचा एक सुखवस्तू जमिनीचा दलाल. बायको, दोन मुलगे, दुपारी चारनंतर गोल्फ. एकदा जेवायला जाताना बांधकामावरची तुळई त्याच्या शेजारीच कोसळते. तो वाचतो, पण आपण आखलेलं आयुष्य किती पोकळ आहे असं वाटून घरी न जाता तसाच नाहीसा होतो. पाच वर्षांनी स्पेडला तो स्पोकेनमध्ये सापडतो. नवी बायको, लहान मूल, धंदा आणि चारनंतर गोल्फ! स्पेडला त्यातली हीच मौज आवडते.

आम्ही भावाला गाडीत ही गोष्ट रंगवून सांगितली. कारण २००३ साली एम.एस.ला आलो तेव्हा आम्हीही जुनं सगळं मागे टाकणार होतो. आज बघावं तर गणपती, फराळ, कार्यकारिणीतली भांडणं आणि रविवारी वरणभात खाऊन झोप. सांगलीच, फक्त पार्किंगला जागा जास्त!

भाऊ हसला नाही. म्हणाला, "दादा, त्याच्या पहिल्या घरातल्यांचं काय झालं?"

पुस्तकात ते थोडक्यात आटोपलंय. बायकोने गाजावाजा न करता घटस्फोट घेतला. आम्ही तसं सांगितलं.

"असू दे," तो म्हणाला, "गोष्ट जो निघून जातो त्याचीच होते."

बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत हॉस्पिटलचे जिने त्यानेच चढले. आम्ही दर रविवारी फोन केला, पैसे पाठवले आणि तेराव्याला पोचलो. तुळई पडली तेव्हा खाली तो उभा होता. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्या दिवशीही याहून जास्त काही बोलला नाही. पुलापर्यंत आम्ही दोघं गप्पच होतो.

तो परत गेल्यावर आम्ही ऑफिसात सहा आठवड्यांच्या रजेचा अर्ज टाकलाय. आईजवळ आम्ही राहणार आणि भाऊ-वहिनी कितीतरी वर्षांनी कुठेतरी फिरून येणार. सौ.ने आधीच बजावलंय, "तिकडे जाऊन पाहुण्यासारखे बसू नका."

सिनेमा जरूर बघा, मंडळी. पुस्तक घेतलंत तर सातवं प्रकरण मात्र सोडू नका. पुढच्या अंकातला मजकूर बहुधा सांगलीहून येईल.