जाड सोलच्या बुटांनी गुडघे खरंच वाचतात का?

१२ सप्टेंबर २०२१. व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा डेरारा हुरिसा सगळ्यांच्या आधी फिनिश लाइनवर पोहोचला. थोड्याच वेळात त्याला बाद ठरवलं गेलं आणि केनियाचा लिओनार्ड लँगट विजेता झाला. हुरिसाने उत्तेजक घेतलं नव्हतं की रस्ता चुकवला नव्हता. त्याच्या बुटाचा सोल नियमापेक्षा एक सेंटीमीटर जाड होता.

जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची मर्यादा ४० मिलिमीटर ठरवली. ती स्पर्धकांसाठी आहे. हौशी रनरला काहीही घालून धावता येतं, त्यामुळे सकाळी मरीन ड्राइव्हला किंवा शहरातल्या कुठल्याही मैदानावर गेलात तर हे जाडजूड बूट दिसतातच. त्यांच्यावरून वादही तितकेच रंगतात. एक गट म्हणतो, गुडघे वाचले ते याच बुटांमुळे. दुसरा म्हणतो, पायाला गाद्या बांधून धावलात तर पाय कमजोरच होणार.

किंमत पाच आकडी आणि प्रश्न गुडघ्यांचा. म्हणून हा वाद समजून घेतलेला बरा.

जाड सोल आले कुठून?

२००९ साली दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समध्ये जाँ-ल्यूक दियार आणि निकोला मेरमू यांनी ‘होका’ कंपनी सुरू केली. डोंगरउतारावर वेगाने धावताना पायाला बसणारे दणके कमी व्हावेत, म्हणून त्यांनी जाड आणि मऊ सोलचा बूट बनवला. त्याच वर्षी अमेरिकेत ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं. मेक्सिकोतल्या ताराहुमारा जमातीच्या धावण्याची गोष्ट सांगणाऱ्या या पुस्तकाने अनवाणी धावण्याची लाट आणली.

सुरुवातीला अनवाणीवाले पुढे होते. त्यांच्याकडे उदाहरणंही दमदार होती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिला यांनी अनवाणी धावून मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं होतं. आपल्याकडे मिलिंद सोमण २०१६ मध्ये अहमदाबाद ते मुंबई हे पाचशेहून अधिक किलोमीटरचं अंतर अनवाणी धावले. अनवाणी धावल्याचा फील देणारे, पाच बोटं वेगळी दिसणारे पातळ बूटही खूप विकले गेले.

पण हे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. पायाचे स्नायू बळकट होतात, दुखापती कमी होतात, या जाहिरातीतल्या दाव्यांना पुरावा काय, असा ग्राहकांचा सवाल होता. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला.

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मार्च २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एकट्या होकाची विक्री २.२ अब्ज डॉलरवर पोहोचली. जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीने जाड सोल बाजारात आणला.

सगळे जाड बूट सारखेच असतात का?

नाही, आणि निम्मा वाद इथेच फसतो. एक प्रकार रोजच्या सरावाचा. जाड, मऊ, आरामासाठी बनवलेला. दुसरा प्रकार शर्यतीचा, ज्याला ‘सुपर शूज’ म्हणतात. त्यात वजनाला हलका, दाबला की उसळी घेणारा फोम आणि बहुतेक वेळा आत कार्बन फायबरची कडक पट्टी असते.

२०१७ मध्ये आलेल्या नायकीच्या व्हेपरफ्लाय बुटाच्या चाचणीत त्याच वेगाने धावायला सरासरी ४ टक्के कमी ऊर्जा लागते, असं दिसलं. म्हणजे वेगाचा दावा मोजून पाहिलेला आहे. पण ती चाचणी तगड्या धावपटूंवर झाली होती, आणि तिने मोजली ती ऊर्जा. दुखापत टळते का, हा प्रश्न त्यात नव्हताच.

मऊ सोलमुळे दणका कमी बसतो ना?

इथे शरीर एक गंमत करतं. धावताना प्रत्येक पावलाला आपल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर पायावर येतो. ७० किलोच्या माणसासाठी हा आकडा दीडशे किलोंच्या सहज पुढे जातो. १० किलोमीटरमध्ये अशी साधारण १० हजार पावलं पडतात.

आपला पाय स्प्रिंगसारखा चालतो. जमीन कडक असेल तर गुडघा आणि घोटा जास्त वाकतात, दणका झेलतात. खाली मऊ काही आलं की मेंदू आपोआप पाय ताठ करतो. फिनलंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १२ रनर्सना नेहमीचे आणि जाड सोलचे असे दोन्ही बूट घालून धावायला लावलं. ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाला जाड बुटात पाय टेकतानाचा दणका कमी होण्याऐवजी सुमारे ११ टक्क्यांनी जास्त भरला. संथ वेगाला हा फरक कमी होता.

अभ्यास लहान होता आणि दणका वाढला म्हणजे दुखापत होणारच, असंही नाही. पण ‘जितकं जाड, तितका दणका कमी’ हे सरळ गणित मात्र त्यातून मोडतं.

मग दुखापतींचं काय?

यावरचा एक मोठा प्रयोग लक्झेंबर्गमध्ये झाला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ८४८ हौशी रनर्सना दिसायला सारखेच, पण सोल कमी-जास्त मऊ असलेले बूट देऊन सहा महिने पाहणी केली. कडक बूटवाल्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. मऊ सोलच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे.

पण त्यात एक मेख आहे. फायदा प्रामुख्याने कमी वजनाच्या रनर्सना झाला. जास्त वजनाच्या गटात तो स्पष्ट दिसला नाही. दुकानात नेमकं उलटं सांगतात, ‘वजन जास्त आहे ना, मग जाड कुशनच घ्या.’ शिवाय हा प्रयोग मऊ विरुद्ध कडक असा होता, जाड विरुद्ध पातळ असा नव्हता. मऊपणा आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा १२ चाचण्या आणि ११ हजारांहून जास्त धावणारे एकत्र तपासले गेले. बुटाच्या प्रकारामुळे दुखापतींत फारसा फरक पडतो असं त्यात दिसलं नाही. उपलब्ध पुरावाच कच्चा आहे, हेही त्यात नोंदवलं आहे.

म्हणजे पातळ सोलवाले बरोबर?

तसंही नाही. २०१३ च्या एका अभ्यासात अनुभवी रनर्सना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या बुटांवर आणलं. एमआरआय केल्यावर निम्म्याहून जास्त जणांच्या पायाच्या हाडांत ताणामुळे सूज वाढलेली आढळली. दुसऱ्या टोकाला, कार्बन पट्टीचे बूट वापरणाऱ्या पाच जणांना पायाच्या मधल्या हाडाला इजा झाल्याची नोंद २०२३ मध्ये डॉक्टरांनी केली. पाचच उदाहरणं आहेत, त्यामुळे दोष बुटाचाच असं सिद्ध होत नाही. पण सावध व्हायला ती पुरेशी आहेत.

या सगळ्याचा अर्थ एकच. बूट भार नाहीसा करत नाही, तो भाराची जागा बदलतो. टाच आणि चवडा जवळपास एका उंचीवर ठेवणारा बूट पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जास्त ताण टाकतो. टाच उंच असलेला बूट गुडघ्याकडे जास्त भार ढकलतो. उंच आणि मऊ सोल खडबडीत रस्त्यावर घोटा मुरगळायला निमित्त ठरू शकतो. म्हणून एकाचा गुडघा ज्या बुटाने सुखावतो, त्याच बुटाने दुसऱ्याची पोटरी धरते. दोघेही खरंच बोलत असतात.

मग घ्यायचे तरी कोणते?

कॅनडातले संशोधक बेनो निग यांनी २०१५ मध्ये मांडलेला विचार सोपा आहे. पायाला घातल्या घातल्या आरामदायी वाटतो, तो बूट निवडा. दुकानात दोन-तीन जोड घालून थोडं धावून बघा. किंमत आणि जाडी नंतर पाहा.

बदल करायचा तर सावकाश. नवा जोड आधी आठवड्यातून एक-दोन छोट्या धावांसाठी वापरा, जुना लगेच टाकू नका. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे म्हणून डिसेंबरच्या अखेरीस आयुष्यातला पहिला जाड बूट घेणं, हा सगळ्यात महागडा प्रयोग ठरू शकतो.

शर्यतीचे सुपर शूज रोज झिजवू नका. त्यातला फोम टिकण्यापेक्षा हलकेपणासाठी बनवलेला असतो. २०२३ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये टिग्स्ट असेफाने विश्वविक्रम केला, तो ५०० डॉलरचा बूट कंपनीने मुळात एकाच शर्यतीसाठी बनवला होता.

आणि गुडघा आधीच दुखत असेल तर बुटाच्या दुकानाआधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा. धावणाऱ्यांच्या बऱ्याच दुखण्यांमागे अंतर एकदम वाढवणं, वेग एकदम वाढवणं आणि विश्रांती न घेणं ही कारणं असतात. ती चुकवायला एक रुपयाही लागत नाही, म्हणूनच बहुधा त्यांची जाहिरात कुणी करत नाही.