सर्व्हिस डॉगचं सर्टिफिकेट कुठेच मिळत नाही

अमेरिकेतल्या देशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न ठरावीक अंतराने येतोच. "नवीन अपार्टमेंटवाले कुत्र्यासाठी महिन्याला वेगळं भाडं मागतायत. सर्व्हिस डॉगचं सर्टिफिकेट कुठून काढायचं?" पाच मिनिटांत दोन-तीन लिंका पडतात. कुत्र्याचा फोटो अपलोड करा, कार्डाचा नंबर टाका. प्लास्टिकचं ओळखपत्र आणि लाल जॅकेट घरपोच. खाली कुणीतरी लिहितं, "कोणी काही विचारत नाही, बिनधास्त घ्या." त्यावर चार अंगठे.

हे वाचून मला राग येतो. पण रागाआधी साधी माहिती सांगतो, कारण अंगठे देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती नसते.

बनावट नोट म्हणायची तर खरी नोट कुठेतरी छापलेली असावी लागते. इथे खरी नोटच नाही. अमेरिकेचं केंद्र सरकार सर्व्हिस डॉगची कुठलीही नोंदवही ठेवत नाही, ओळखपत्र देत नाही, परीक्षा घेत नाही. 'अधिकृत नोंदणी' असं मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्या साइट्स तुम्हाला विकतात ते एक प्लास्टिकचं कार्ड आणि शिवलेलं कापड. कायद्याच्या नजरेत त्या दोन्हींची किंमत शून्य.

दोन प्रश्नांचा कायदा

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा अमेरिकन कायदा १९९० चा. सगळे त्याला एडीए म्हणतात. त्याखाली न्याय खात्याने २०१० मध्ये नियम सुधारले आणि ते १५ मार्च २०११ पासून लागू झाले. त्यांत सर्व्हिस अ‍ॅनिमलची व्याख्या अगदी नेमकी आहे: अपंग व्यक्तीसाठी, तिच्या अपंगत्वाशी थेट संबंध असलेलं काम करायला शिकवलेला कुत्रा. छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे. मांजर, पोपट, ससा यांत बसत नाहीत.

'काम' हा यातला कळीचा शब्द. अंध माणसाला रस्त्यातून नेणं, कमी ऐकू येणाऱ्याला फायर अलार्म वाजल्याचं कळवणं, मधुमेही माणसाची साखर फार घसरली किंवा चढली की त्याला सावध करणं, अपस्माराचा झटका आलेल्याला इजा होऊ न देणं, नैराश्याने ग्रासलेल्याला गोळीची आठवण करून देणं, ही सगळी कामं. मानसिक आजारासाठीही सर्व्हिस डॉग असतो. अस्वस्थतेचा झटका येतोय हे ओळखून तो टाळण्यासाठी काही ठरावीक कृती करायला कुत्र्याला शिकवलं असेल, तर ते काम झालं. "तो जवळ असला की मला बरं वाटतं" हे काम नाही. बरं तर कुठल्याही कुत्र्यामुळे वाटतं. कुत्रा पाळायचं कारणच ते आहे.

असा कुत्रा घेऊन कुणी दुकानात, हॉटेलात, दवाखान्यात आलं आणि कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल, तर तिथल्या माणसाला फक्त दोन प्रश्न विचारता येतात. अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का? आणि त्याला काय काम शिकवलंय? एवढंच. आजार कोणता हे विचारायचं नाही, कागद मागायचा नाही, "करून दाखव बघू" म्हणायचं नाही. जॅकेट सक्तीचं नाही. कुत्रा अमुक जातीचाच हवा असंही नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला कुत्र्याची भीती वाटते किंवा अ‍ॅलर्जी आहे, हे कारण चालत नाही. जास्तीचे पैसेही घेता येत नाहीत.

कायद्याने दुकानदाराच्या हातातही काही ठेवलंय. कुत्रा साधारणपणे पट्ट्यात किंवा हार्नेसमध्ये आणि मालकाच्या ताब्यात असला पाहिजे. तो आवरेनासा झाला आणि मालक काही करत नसेल, किंवा त्याने आत घाण केली, तर त्याला बाहेर काढता येतं. मग तो अगदी खरा सर्व्हिस डॉग का असेना. म्हणजे कायदा दारात कागद तपासत नाही, आत आल्यावर वागणूक तपासतो.

राहता राहिला भाड्याच्या घराचा प्रश्न. तो एडीएचा नाहीच, तिथे मुख्यतः फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट लागतो. त्याची चौकट जास्त सैल आहे आणि तिथे भावनिक आधाराच्या प्राण्यांनाही जागा मिळत आली आहे. पण तिथेही गरज अपंगत्वाचीच असावी लागते. ते दिसण्यासारखं नसेल, तर तुम्हाला खरोखर ओळखणाऱ्या डॉक्टरचं किंवा थेरपिस्टचं पत्र लागतं. लाल जॅकेट तिथेही निरुपयोगी.

कुत्रा घडतो कसा

१९२७ च्या नोव्हेंबरमध्ये 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये डोरोथी युस्टिस यांचा लेख आला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या जर्मन सैनिकांना कुत्रे वाट दाखवायला शिकलेत, असा त्याचा विषय होता. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने बाईंना पत्र लिहिलं. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला, तिथे शिकला आणि बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कमध्ये वार्ताहरांसमोर वाहनांनी भरलेला रस्ता त्याने तिच्या भरवशावर ओलांडून दाखवला. १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. पुढची कित्येक वर्षं फ्रँक हॉटेलांच्या आणि रेल्वेच्या दारात बडीला आत घ्या म्हणून भांडत राहिला. आज ज्या दारातून आपला लाल जॅकेटवाला गोल्डनडूडल सहज आत जातो, ते दार असं उघडलं आहे.

ही संस्था आज न्यू जर्सीत मॉरिसटाउनला आहे. एडिसन आणि जर्सी सिटीच्या मराठी मंडळींपासून तासाभराच्या आत. तिथलं पिल्लू दोन महिन्यांचं होतं न होतं तोच एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात जातं आणि वर्षभराहून जास्त काळ माणसांत, गर्दीत, गोंगाटात वावरायला शिकतं. मग प्रशिक्षकाबरोबर काही महिने. मग ज्याला तो मिळणार त्या माणसाबरोबर काही आठवडे. बरेच कुत्रे या वाटेवर मध्येच गळतात. तब्येतीने, स्वभावाने, नुसत्या खारीच्या मोहानेसुद्धा.

यातला सगळ्यात अवघड धडा आहे आज्ञा मोडण्याचा. मालक 'पुढे' म्हणाला, पण समोरून गाडी येतेय, तर कुत्र्याने जागचं हलायचं नाही. मी दिवसभर मशीनला सांगितलेलं निमूटपणे करायला लावतो. सांगणाऱ्याचं चुकतंय हे ओळखून थांबणारी यंत्रणा बनवणं किती कठीण असतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. एका लॅब्राडॉरला ते येतं, कारण त्याच्यामागे माणसांची दोन वर्षं गेलेली असतात. ती दोन वर्षं चेकआउटच्या बटणावर मिळत नाहीत.

"पण माझ्या कुत्र्याने कुणाचं काय बिघडवलं?"

हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

सुपरमार्केटमध्ये एक अंध बाई गाइड डॉगबरोबर चालली आहे. पलीकडच्या रांगेतून तुमचा जॅकेटवाला कुत्रा भुंकत अंगावर येतो. तुमच्यासाठी ते "अरे, सॉरी, तो जरा एक्सायटेड आहे." तिचा कुत्रा त्या क्षणी काम विसरला, तर ती कशावर तरी आदळते. चावाचावी झाली, तर कुत्र्याची जखम भरते पण दुसरा कुत्रा दिसला की तो बिचकायला लागतो. बिचकणारा गाइड डॉग कामातून निवृत्त करावा लागतो. नवा मिळेपर्यंत ती बाई पुन्हा दुसऱ्याच्या हाताला धरून चालते. तुम्ही महिन्याचं भाडं वाचवलं, तिचं स्वतःच्या पायाने फिरणं गेलं.

दुसरं नुकसान हळू होतं. ज्या मॅनेजरच्या दुकानात मागच्या आठवड्यात 'सर्व्हिस डॉग'ने घाण केली, तो पुढच्या खऱ्या कुत्र्याला संशयाने अडवतो. २०२१ मध्ये एका लवादाने उबरला नुकसानभरपाई आणि वकिलांचा खर्च मिळून ११ लाख डॉलर द्यायला लावले. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या एका अंध महिलेला गाइड डॉगमुळे १४ वेळा गाडी नाकारली गेली होती किंवा त्रास दिला गेला होता. ड्रायव्हरने नाकारण्याची कारणं अनेक असतील, पण "आजकाल सगळेच सर्व्हिस डॉग म्हणतात" हे वाक्य त्याच्या हातात आपणच देतो.

तिसरं नुकसान नियमांत दिसतं. २०१८ च्या जानेवारीत न्यूअर्क विमानतळावर एक प्रवासी भावनिक आधारासाठी मोर घेऊन आली. विमान कंपनीने मोराला नाही म्हटलं आणि जगभर हसू झालं. विमानांत अशा प्राण्यांची गर्दी वाढत गेली. शेवटी वाहतूक खात्याने नियम बदलला. ११ जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना भावनिक आधाराचे प्राणी पाळीव प्राणी समजून वागवायची मुभा मिळाली. खऱ्या सर्व्हिस डॉगच्या मालकांकडूनही प्रशिक्षण, आरोग्य आणि वागणूक यांबद्दल लेखी फॉर्म मागता येऊ लागला. मोर बाहेर गेला ते ठीकच. पण फॉर्म भरायचं काम अंध माणसाच्या गळ्यात पडलं.

मग ओळखपत्र सक्तीचं करायचं?

वैतागलेले भले लोक इथे येऊन थांबतात: सरकारनेच एक कार्ड काढावं, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही.

कुठलीही तपासणी दोन तऱ्हांनी चुकते. एक तर खोटा आत जातो, किंवा खरा बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत. एक कमी केली की दुसरी वाढते. एडीएने विचार करून ठरवलं की काही लबाड आत आले तरी चालतील, पण ज्याला गरज आहे तो दारात अडकता कामा नये. या कायद्यात कुत्रा संस्थेतूनच घ्यावा असं बंधन नाही, स्वतः शिकवलेला कुत्राही चालतो. कारण खाजगी प्रशिक्षकाकडून तयार कुत्रा घेणं म्हणजे हजारो डॉलर, आणि फुकट किंवा नाममात्र पैशांत देणाऱ्या संस्थांकडे मोठी रांग. कार्ड आलं की फी आली, परीक्षेचं केंद्र आलं, तारीख आली. ज्याला घराबाहेर पडणंच अवघड आहे, त्याला आपण आणखी एका रांगेत उभं करणार.

आणि कार्ड असूनही दार उघडतंच असं नाही. मिशिगनमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने वंडर नावाचा प्रशिक्षित कुत्रा आणला होता. तो दारं उघडायचा, दिवे लावायचा, पडलेल्या वस्तू उचलून द्यायचा. मदतीला माणूस दिलाय म्हणत शाळेने कुत्रा नाकारला. तिचं 'फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स' हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तोही फक्त तिचा दावा कोणत्या वाटेने चालवायचा, एवढ्यापुरता. तिथे अडलं होतं ते कागदावाचून नव्हे.

कार्डाने लबाडी थांबते असं मानणाऱ्याने भारताकडे बघावं. २०१६ च्या कायद्याने आपण अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, आरक्षणासारख्या तरतुदींसाठी ४० टक्क्यांची रेघ मारली, वर एक राष्ट्रीय ओळखपत्रही काढलं. तरी खोटी प्रमाणपत्रं सापडतातच, आणि खरा अपंग माणूस टक्केवारीसाठी सरकारी हॉस्पिटलच्या बाकावर दिवस काढतो.

लगाम घालायचा तो विकणाऱ्याला आणि खोटं बोलणाऱ्याला. कॅलिफोर्नियात सर्व्हिस डॉग असल्याची जाणूनबुजून केलेली बतावणी हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जानेवारी २०२२ पासून तिथे भावनिक आधाराच्या कुत्र्यांसाठी जॅकेट आणि सर्टिफिकेट विकणाऱ्यांना लेखी सांगावं लागतं की याने कुत्रा सर्व्हिस डॉग होत नाही. अशा कुत्र्यासाठी पत्र देणाऱ्या डॉक्टरची पेशंटशी किमान ३० दिवसांची ओळख असावी लागते. ही दिशा बरोबर आहे, कारण यात अपंग माणसाकडून काहीच मागितलेलं नाही.

आपली पिढी व्हिसाच्या एका चुकीच्या तारखेने रात्रभर झोपत नाही. टॅक्सच्या फॉर्मवर शून्य चुकलं तर घाम फुटतो. तेच आपण कुत्र्याच्या बाबतीत 'बिनधास्त' होतो, कारण इथे समोरचा कागद मागत नाही. कागद मागणाऱ्यापुढे सरळ आणि विश्वास ठेवणाऱ्यापुढे लबाड, याला आपण कौतुकाने जुगाड म्हणतो. माझ्या लेखी ही भुरटेगिरी आहे.

तुम्हाला किंवा घरच्या कुणाला खरंच गरज असेल, तर लाजू नका, वाट सोपी आहे. आधी डॉक्टरशी बोला. कुत्र्याने नेमकं काय करायला हवंय, ते एका वाक्यात लिहून काढा; ते वाक्य जमत नसेल तर गरज वेगळी आहे. दृष्टीसाठी सीइंग आय पहिल्या कुत्र्याचे फक्त १५० डॉलर घेते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली 'कॅनाइन कंपॅनियन्स' कुत्रा मोफत देते. रांगेत नाव घाला आणि थांबा. स्वतः शिकवणार असाल, तर लक्षात ठेवा की शिकत असलेल्या कुत्र्याला एडीएचं संरक्षण नाही. आपल्या राज्याचा कायदा वाचा.

आणि गरज नसेल, नुसतं कुत्र्याशिवाय करमत नसेल, तर पेट रेंट भरा. त्याहून जास्त काही करायची इच्छा असेल, तर या संस्थांना पिल्लं वाढवणारी घरं कायम हवी असतात. वर्षभर पिल्लू सांभाळायचं, शहाणं करायचं आणि एक दिवस परत द्यायचं. जॅकेट त्यालाही मिळतं, संस्थेचं.